पालक हयात, पण आधार नाही

मुलाच्या नावाने सरकारी मदत मागायला गेलेल्या घराकडे पहिल्यांदा मागितला जातो तो बहुधा वडिलांच्या मृत्यूचा दाखला. वडील वारले असतील तर दाखला जोडला जातो आणि फाईल पुढे सरकते. पण वडील वारलेले नसून घर सोडून गेले असतील, आईला नांदवत नसतील, वर्षानुवर्षे त्यांचा पत्ता नसेल, अर्धांगवायूने अंथरुणाला खिळले असतील, व्यसनाने कामातून गेले असतील किंवा तुरुंगात असतील, तर टेबलापलीकडचा कर्मचारी थबकतो आणि अलीकडे उभी असलेली आई किंवा आजीही गप्प होते. बाप हयात आहे म्हणजे मुलाला काही मिळायचे नाही, असे दोघेही धरून चालतात. हा समज चुकीचा आहे आणि त्याची किंमत मुले मोजतात. आपल्याकडच्या कायद्याने आणि प्रमुख योजनांनी मुलाची पात्रता पालकाच्या मृत्यूवर बांधलेली नाही. पालकाकडून मिळायला हवा तो सांभाळ आणि आधार मुलाला मिळतो का, हा त्यांचा प्रश्न आहे. मृत्यू हे आधार तुटण्याचे एक कारण आहे आणि कागदावर दाखवायला ते सर्वांत सोपे आहे, म्हणून कचेऱ्यांमध्ये ते एकमेव कारण होऊन बसले. बाकीची कारणे तितकीच खरी आहेत. ती सिद्ध करायला वेगळे कागद लागतात. ते कोणते, ते कुठे मिळतात आणि अर्ज कसा मांडायचा, हे ज्यांच्या घरात असे मूल आहे त्यांना माहीत असलेच पाहिजे. अशा मुलांना रोज पाहणाऱ्या शिक्षकांना आणि अंगणवाडी सेविकांनाही ते ठाऊक हवे.

या सगळ्याचा पाया आहे बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५. काळजी व संरक्षणाची गरज असलेले मूल कोणाला म्हणायचे, हे या कायद्याच्या कलम २ (१४) मध्ये सविस्तर दिले आहे. आईवडील नाहीत आणि सांभाळायला कोणी तयार नाही, असे मूल त्यात येते. पालकांनी टाकून दिलेले मूल येते. आणि ज्याचे पालक हयात आहेत, पण मुलाची काळजी घ्यायला व त्याला सुरक्षित ठेवायला अयोग्य किंवा असमर्थ आहेत, असे मूलही येते. पालक असमर्थ आहेत हे ठरवण्याचा अधिकार बाल कल्याण समितीला आहे. या समितीत अध्यक्ष आणि चार सदस्य असतात, त्यांत किमान एक महिला असावी लागते आणि समितीला प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याचे अधिकार असतात. म्हणजे तिचा आदेश शिफारसपत्रापेक्षा पुष्कळ वजनाचा असतो. याच कायद्यातली अनाथ मुलाची व्याख्याही नीट वाचण्यासारखी आहे. आईवडील किंवा कायदेशीर पालक नसलेले मूल अनाथ, हे आपल्याला माहीत असते. पण ज्याचा कायदेशीर पालक त्याला सांभाळायला तयार नाही किंवा समर्थ नाही, त्या मुलालाही कायदा अनाथांतच धरतो.

पालकाची अनुपस्थिती म्हणजे काय, याचे उत्तर सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्येच दिले आहे. गीता हरिहरन विरुद्ध रिझर्व्ह बँक हा तो खटला. मुलाच्या नावाने रोखे घेण्याच्या अर्जावर पालक म्हणून आईची सही बँकेने मान्य केली नाही, इथून तो सुरू झाला. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम, १९५६ प्रमाणे अज्ञान मुलाचा नैसर्गिक पालक आधी वडील आणि त्यांच्यानंतर आई. वडील जिवंत असेपर्यंत आईला अधिकार नाही, असा त्याचा अर्थ लावला जात होता. न्यायालयाने तो नाकारला. वडील मुलाच्या सांभाळात नाहीत, मग ते बेफिकिरीमुळे असो, दोघांच्या समजुतीने असो किंवा आजारपणामुळे आलेल्या असमर्थतेमुळे असो, ही अनुपस्थितीच आहे आणि अशा वेळी आई पालक म्हणून वागू शकते, असे न्यायालयाने सांगितले. हा निकाल पालकत्वाबद्दलचा आहे, कोणत्याही अनुदानाबद्दलचा नाही, हे खरे. पण वडील जिवंत आहेत की नाहीत यापेक्षा ते मुलाच्या सांभाळात आहेत की नाहीत हे पाहायचे, ही त्यातली दृष्टी योजनांच्या नियमांशी तंतोतंत जुळते. पुढे २०१५ मध्ये अविवाहित आईच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने आणखी पुढचे पाऊल टाकले. मुलाच्या पालकत्वासाठी तिने वडिलांचे नाव उघड करण्याची किंवा त्यांना नोटीस देण्याची गरज नाही, असा तो निर्णय होता.

आता प्रत्यक्ष पैशांकडे येऊ. महाराष्ट्रात महिला व बालविकास विभागाची बालसंगोपन योजना आहे. २०२३ पासून तिचे नाव क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना असे झाले आणि मुलामागे दरमहा मिळणारी रक्कम १,१०० रुपयांवरून २,२५० रुपये झाली. मूल १८ वर्षांचे होईपर्यंत ही मदत मिळू शकते. अनाथ मुलांबरोबरच एक पालक असलेली मुले आणि कुटुंब मोडल्यामुळे एकाच पालकाकडे राहिलेली मुले तिच्या कक्षेत येतात. कुटुंब मोडण्याच्या कारणांत मृत्यू आहे, घटस्फोट आहे, विभक्त होणे आहे, टाकून जाणे आहे, अविवाहित मातृत्व आहे आणि पालकाचा गंभीर आजारही आहे. दुसरी योजना केंद्राच्या मिशन वात्सल्यमधली प्रायोजकत्वाची. तिच्यात मुलामागे दरमहा ४,००० रुपये मिळतात आणि कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ग्रामीण भागात ७२,००० तर शहरात ९६,००० रुपये आहे. आई विधवा, घटस्फोटित किंवा कुटुंबाने टाकलेली असणे, अनाथ मूल नातेवाइकांकडे वाढत असणे, पालकांना जिवावर बेतणारा आजार असणे, आणि पालक शारीरिक व आर्थिक दृष्ट्या मुलाला सांभाळायला असमर्थ असणे, ही तिची कारणे आहेत. दोन्ही याद्यांत मृत्यू अनेकांपैकी एक आहे. दोन्ही मासिक मदती एकाच मुलाला एकत्र मिळतील असे मात्र धरू नये. आपल्या मुलाला कोणती लागू होते, हे जिल्हा बाल संरक्षण कक्षात विचारून ठरवावे. याखेरीज आईची स्वतःची पात्रता वेगळी तपासावी. संजय गांधी निराधार अनुदान योजनेत विधवा, घटस्फोटित व निराधार स्त्रिया, कैद्याची पत्नी आणि क्षयरोग, कर्करोग, पक्षाघात यांसारख्या आजारांनी काम करू न शकणारी व्यक्ती यांचा समावेश आहे. तो अर्ज तहसील कार्यालयात होतो आणि तिथे पाहिली जाते ती मोठ्या माणसाची स्थिती. बालसंगोपनात मुलाची स्थिती पाहतात. एकाला नकार मिळाला म्हणून दुसरा अर्ज सोडून देऊ नये.

काही हक्क मात्र खरोखरच मृत्यूशी बांधलेले आहेत आणि तेही स्पष्ट माहीत असावेत, नाहीतर चुकीच्या दारावर वेळ जातो. दारिद्र्यरेषेखालील घरातला १८ ते ५९ वयाचा मुख्य कमावता माणूस वारला तर राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेतून एकदाच २०,००० रुपये मिळतात. नोकरीतल्या वडिलांचा भविष्य निर्वाह निधी कापला जात असेल तर कर्मचारी निवृत्तिवेतन योजना, १९९५ खाली त्यांच्या मृत्यूनंतर पत्नीच्या निवृत्तिवेतनाच्या प्रत्येकी २५ टक्के रक्कम एका वेळी दोन मुलांना, २५ वर्षे वयापर्यंत मिळते. आईवडील दोघेही नसतील तर हे प्रमाण ७५ टक्के होते. ही किमान रक्कम अनुक्रमे २५० आणि ७५० रुपये म्हणजे तुटपुंजीच, पण कारखान्यात किंवा सुरक्षारक्षक म्हणून काम करणाऱ्या कितीतरी घरांना हा हक्क आहे हेच माहीत नसते. कोविडकाळात दोन्ही पालक गमावलेल्या मुलांसाठी केंद्राने १० लाखांची आणि राज्याने ५ लाखांची ठेव जाहीर केली. एकच पालक गेलेल्या मुलांना त्या ठेवी लागू नव्हत्या, त्यांच्यासाठी बालसंगोपनाचाच मार्ग उरला. राज्यातले अनाथांचे १ टक्का आरक्षणही आईवडील दोघेही वारलेल्या मुलांसाठी आहे. म्हणून कुठल्याही योजनेचा अर्ज हातात घेतला की आधी एक प्रश्न विचारावा. ही मदत मृत्यूची भरपाई म्हणून आहे की मुलाच्या सांभाळासाठी आहे? पहिल्या प्रकारात मृत्यूचा दाखला अटळ आहे. दुसऱ्या प्रकारात तो अनेक पुराव्यांपैकी एक पुरावा आहे, आणि तो मागून फाईल अडवली जात असेल तर नम्रपणे पण ठामपणे तसे सांगितले पाहिजे.

सर्वांत अवघड प्रकरण असते ते निघून गेलेल्या किंवा बेपत्ता झालेल्या पालकाचे. बेपत्ता माणूस मेला असे कायदा सहज मानत नाही. ज्यांना त्याची खबर असायला हवी त्यांना सात वर्षे ती नसेल तर तो हयात असल्याचे सिद्ध करण्याचा भार तसे म्हणणाऱ्यावर येतो. १८७२ च्या पुरावा कायद्यातला हा नियम २०२३ च्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही आहे. तो मालमत्ता, विमा, वारसा यांच्यासाठी आहे. बाप गेला तेव्हा अकरा वर्षांचे असलेले मूल सात वर्षे संपताना अठराचे होते, म्हणजे सांभाळाच्या मदतीचे वय तिथेच संपते. मुलाची मदत या नियमाशी जोडणे म्हणजे ती नाकारणेच होय. त्यामुळे बेपत्ता पालकाच्या बाबतीत मृत्यू सिद्ध करण्याच्या फंदात न पडता अनुपस्थिती सिद्ध करावी. पोलीस ठाण्यात हरवल्याची नोंद करून तिची प्रत घ्यावी. पुष्कळ घरांत लोकलाजेने ही नोंदच केली जात नाही आणि पुढे हाच कागद कमी पडतो. नवरा बेपत्ता नाही, दुसऱ्या गावी दुसरा संसार थाटून आहे, अशा वेळी हरवल्याची नोंद खोटी ठरेल, ती करू नये. तिथे पोटगीचा दावा, घटस्फोटाचा किंवा विभक्त राहण्याचा न्यायालयीन कागद, कौटुंबिक हिंसाचाराच्या तक्रारीची प्रत, महिला समुपदेशन केंद्रातली नोंद, यांतले जे असेल ते जोडावे. यातले काहीच नसेल तर आईचे स्वयंघोषणापत्र, ग्रामपंचायतीचा किंवा नगरसेवकाचा दाखला, पोलीस पाटलांचा जबाब आणि शाळेचे पत्र यांच्या आधारे उभे राहावे लागते. शाळेच्या पत्राला मी फार मोल देतो. मुलाला शाळेत कोण पोहोचवते, प्रगतिपुस्तकावर सही कोणाची असते, पालकसभेला कोण येते, हे वर्गशिक्षकाला माहीत असते आणि त्याला त्या घराच्या भांडणात कसलाही हितसंबंध नसतो.

असमर्थतेचा पुरावा वेगळ्या जातीचा. इथे पालक घरातच असतो, त्यामुळे बाहेरून पाहणाऱ्याला घर पुरे वाटते. नुसती आजाराची चिठ्ठी पुरत नाही. आजारामुळे हा माणूस कमावू शकत नाही आणि मुलाकडे पाहू शकत नाही, हे कागदावर यावे लागते. डॉक्टरांना दाखला मागताना रोगाच्या नावाबरोबर उपचार किती काळ चालणार, रुग्ण कोणते काम करू शकत नाही, त्याला सतत दुसऱ्याची मदत लागते का, हे लिहून देण्याची विनंती करावी. सरकारी रुग्णालयाचा किंवा जिल्हा शल्यचिकित्सकांचा दाखला असल्यास उत्तम. डायलिसिसवर असलेल्या बापाची उपचारवही किंवा कर्करोगाच्या आईची केमोथेरपीची पत्रके हा बोलका पुरावा असतो, कारण त्यांवरच्या तारखाच दाखवतात की महिन्यातले किती दिवस घर रुग्णालयात जाते. मानसिक आजाराबाबत आपल्याकडे अजून लपवण्याकडे कल आहे. पण दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये मानसिक आजार हा दिव्यांगत्वाचा प्रकार म्हणून नोंदलेला आहे आणि त्याचे रीतसर प्रमाणपत्र मिळते. आईचा स्किझोफ्रेनिया कागदावर आला तर घराची अब्रू जाईल, असे वाटणाऱ्या आजीला हे समजावून सांगावे की त्या प्रमाणपत्राने आईचे उपचार आणि नातवाचे संगोपन दोन्हींची वाट मोकळी होते. व्यसनाचा प्रश्न आणखी कठीण. दारू पितो एवढ्यावर कोणी असमर्थ ठरत नाही, आणि ठरूही नये. व्यसनमुक्ती केंद्रातल्या भरतीचे कागद, यकृताच्या आजाराचे अहवाल, पोलिसांतल्या तक्रारी आणि शेजाऱ्यांचे जबाब एकत्र आले की चित्र उभे राहते. अशा घरात समितीने प्रत्यक्ष येऊन पाहावे, अशी मागणी अर्जातच लिहावी. गृहभेटीचा अहवाल इथे कुठल्याही दाखल्यापेक्षा वजनदार ठरतो.

पालक तुरुंगात असेल तर तुरुंग अधीक्षकांचा दाखला पुरेसा बोलका असतो, त्यावर फार लिहायला नको. पण पालक पोटासाठी दूर गेले असतील त्याचे काय? बीड, अहिल्यानगर, जालना या भागांतून दरवर्षी दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीची कुटुंबे पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात उतरतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. मागे राहिलेली मुले सहा-सहा महिने आजीआजोबांकडे असतात. माझ्या मते या मुलांचा सांभाळ तुटलेलाच असतो. तरीही बालसंगोपनाच्या अर्थाने ती एकल पालकाची मुले ठरत नाहीत, कारण पालकांनी जबाबदारी सोडलेली नाही, ते त्याच जबाबदारीपोटी गेलेले असतात. त्यांच्यासाठी गावातली हंगामी वसतिगृहे आणि ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठीची संत भगवानबाबा शासकीय वसतिगृहे हा मार्ग आहे. हंगामी वसतिगृहासाठी मुख्याध्यापकांकडे हंगाम सुरू होण्याआधीच नाव द्यावे लागते. तोडणीच्या फडावर आई किंवा बाप अपघातात जायबंदी झाला, कायमचा अंथरुणाला खिळला, तर मात्र प्रश्न पूर्णपणे बदलतो आणि असमर्थतेचा अर्ज करता येतो.

पुरावे जमवताना एक अडचण पुन्हा पुन्हा येते. घर मोडलेले असते, पण कागदांवर ते अजून शाबूत असते. नवरा सोडून गेला तरी मुलांची नावे सासरच्या शिधापत्रिकेवर राहतात आणि त्या पत्रिकेवर दोन कमावते दीर असतात. मग उत्पन्नाच्या दाखल्यात त्यांची कमाई मोजली जाते आणि उपाशी झोपणारे मूल सुस्थितीतल्या एकत्र कुटुंबातले ठरते. म्हणून सर्वांत आधी आई आणि मुलांची नावे त्या पत्रिकेतून कमी करून वेगळी शिधापत्रिका काढावी. राष्ट्रीय अन्न सुरक्षा अधिनियम, २०१३ नुसार शिधापत्रिकेवर कुटुंबप्रमुख म्हणून घरातली १८ वर्षांवरची ज्येष्ठ स्त्रीच येते, तेव्हा नवऱ्याच्या सहीविना पत्रिका मिळणार नाही हे म्हणणे टिकत नाही. दुसरी गोष्ट बँक खात्याची. मुलाचे खाते वडिलांच्या पालकत्वाखाली उघडलेले असेल तर मंजूर झालेली रक्कम तिकडे जाण्याचा धोका असतो, कारण आधारवर आधारित हस्तांतरात पैसे आधारशी शेवटी जोडलेल्या खात्यात जमा होतात. आईच्या किंवा आजीच्या पालकत्वाखाली नवे खाते उघडून मुलाचे आधार त्याला जोडावे आणि जोडले गेल्याची खात्री शाखेतच करून घ्यावी. मुलाच्या पाचव्या आणि पंधराव्या वर्षी बोटांचे ठसे आधारमध्ये नव्याने द्यावे लागतात, तेही राहिले असेल तर आधीच उरकावे. तिसरी गोष्ट उत्पन्नाच्या दाखल्याची. तलाठ्याकडे जाताना नवऱ्याकडून काहीही मिळत नाही, हे स्वयंघोषणापत्रात स्वच्छ लिहावे. न लिहिल्यास त्याची मजुरी घरात येते असेच गृहीत धरले जाईल.

इथे एक आक्षेप घेतला जातो आणि तो झटकून टाकण्यासारखा नाही. मृत्यूचा दाखला खोटा करणे कठीण, पण 'नवरा सोडून गेला' असे कोणीही सांगू शकेल. दोन-चार हजारांसाठी नवरा-बायको कागदावर वेगळे होतील, इतकेच काय, मदतीच्या आशेने बाप खरेच घर सोडेल, असे म्हटले जाते. या भीतीचा सर्वांत मोठा अनुभव अमेरिकेच्या गाठीला आहे. तिथल्या १९३५ च्या सामाजिक सुरक्षा कायद्याने मृत्यू, घरातली दीर्घ अनुपस्थिती किंवा शारीरिक-मानसिक असमर्थता या कारणांनी पालकाचा आधार तुटलेल्या मुलांना मदत देऊ केली. पुढे काही राज्यांनी गैरवापर रोखण्याच्या नावाखाली आईच्या खासगी आयुष्यावर पाळत ठेवली. घरात कोणी पुरुष येतो-जातो एवढ्यावर त्याला मुलांचा बदली बाप ठरवून मुलांची मदत तोडली गेली. १९६८ मध्ये अलाबामा राज्याचा असा नियम तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने रद्द केला. ज्याच्यावर मुलांना पोसण्याची कायदेशीर जबाबदारीच नाही, त्याच्या येण्याजाण्यावरून मुलांची भाकरी हिरावता येणार नाही, हे त्याचे सार. दुसरीकडे, धडधाकट पण बेकार बाप घरात असला की मदत नाही, या नियमाने बापाला घराबाहेर ढकलले, ही टीकाही तिथेच झाली आणि १९६१ पासून बेकार पालकाच्या मुलांनाही मदतीत घेण्याची मुभा राज्यांना मिळाली. बाप घरात आहे की नाही यावर पात्रता टांगली की पाळतही वाढते आणि घरेही मोडतात. मुलाच्या सांभाळावर ती ठरवली की बापाला पळून जाण्याचे कारण उरत नाही, कारण तो घरात आजारी पडून असला तरी मुलाला मदत मिळू शकते. आपल्या नियमांत असमर्थतेला जागा आहे ती म्हणूनच मोलाची आहे. गैरवापर पकडायला गृहभेट, समितीपुढची सुनावणी आणि ठरावीक काळाने होणारा फेरआढावा आहे. आणि मृत्यूच्या दाखल्यानेही गरज कुठे सिद्ध होते? चांगली शेती आणि कुटुंब निवृत्तिवेतन मागे ठेवून गेलेल्या बापाच्या मुलाकडे तो दाखला असतोच. सत्य शोधायला दोन्हीकडे घरापर्यंत जावेच लागते.

दुसरा आक्षेप नैतिक आहे. बाप जिवंत आहे, कमावतो आहे, तर त्याच्याकडून वसूल करा, सरकारने त्याचा भार का उचलावा? बापाची जबाबदारी संपत नाही हे अगदी बरोबर. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ खाली, म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ खाली, पत्नी आणि मुले पोटगी मागू शकतात आणि ती मागावी. पण पोटगीचा आदेश होणे आणि पोटगी हातात पडणे यांत कित्येकदा वर्षे जातात. तोवर मुलाला वही-पुस्तके, बूट, औषधे लागतच राहतात. बाप आणि सरकार यांच्यातला हिशेब मुलाच्या पोटावर मिटवणे अन्यायाचे आहे. अर्जात पोटगीचा दावा लपवू नये, उलट त्याची प्रत जोडावी. आदेश झाला असेल आणि रक्कम येत नसेल तर बँकेचा उतारा जोडून ते दाखवावे. पोटगी खरेच नियमित सुरू झाली तर तसे कळवावे. दाव्यासाठी वकिलाचा खर्च परवडत नसल्यास जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे. स्त्रिया आणि मुलांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.

तिसरी गोष्ट आक्षेप म्हणून कोणी बोलून दाखवत नाही, पण मनात घट्ट असते. बाल कल्याण समितीपुढे गेलो आणि आपण सांभाळायला असमर्थ आहोत असे लिहून दिले, तर मुलाला बालगृहात नेतील, ही ती भीती. तिच्यापायी आजारी बाप अर्ज करत नाही आणि म्हातारी आजी दार लावून घेते. कायद्याचे म्हणणे याच्या उलट आहे. मुलाला वाढवण्याची पहिली जबाबदारी कुटुंबाची, आणि संस्थेत ठेवणे हा अगदी शेवटचा उपाय, ही बाल न्याय कायद्याच्या कलम ३ मधली तत्त्वे आहेत. बालसंगोपन आणि प्रायोजकत्व या दोन्ही योजना मूल घरातच राहावे म्हणूनच आहेत. अर्जात 'मुलाला सांभाळणे शक्य नाही' असे मोघम न लिहिता 'मूल आमच्याजवळच वाढावे अशी इच्छा आहे, पण आजारपणामुळे खर्च पेलत नाही, म्हणून संगोपनासाठी मदत मिळावी' असे लिहावे. नातवंडांना सांभाळणाऱ्या आजीआजोबांनी आणखी एक लक्षात घ्यावे. या मदतीसाठी जिल्हा न्यायालयातून पालकत्वाचा आदेश आणण्याची गरज नसते, मूल कोणाकडे वाढते आहे याची समिती स्वतः खात्री करून आदेश देते.

अर्ज जिल्हा महिला व बाल विकास अधिकारी कार्यालयात किंवा तिथल्या जिल्हा बाल संरक्षण कक्षात द्यायचा असतो. मुलाचा जन्माचा दाखला, मूल व पालकाची आधारकार्डे, शाळेचा बोनाफाईड, शिधापत्रिका, उत्पन्नाचा आणि रहिवासाचा दाखला, खात्याचे पासबुक, घरासमोर मूल व पालकाचा एकत्र फोटो, आणि वर सांगितलेले अनुपस्थितीचे किंवा असमर्थतेचे पुरावे, हा त्याचा ठळक संच आहे. त्यावर एक पानाचे निवेदन स्वतःच्या भाषेत लिहावे. पालक कधीपासून सांभाळात नाही, त्याआधी घर कसे चालत होते, आता कोण चालवते, हे तारखांसह असावे. पुढे बाल संरक्षण अधिकारी घरी येऊन चौकशी करतात आणि समिती आदेश देते. प्रायोजकत्वाची मंजुरी त्यासाठीच्या वेगळ्या जिल्हा समितीकडून होते. अर्जाची पोच आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय कचेरीतून निघू नये. तोंडी नकार स्वीकारू नये, कारण लेखी मागावे. महिना-दोन महिने काहीच हालचाल नसेल तर माहितीच्या अधिकारात फाईल कोणाकडे आहे ते विचारावे, ३० दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे. घरात अर्ज करणारे कोणीच नसेल तर शिक्षक, अंगणवाडी सेविका, परिचारिका, शेजारी, कोणीही नागरिक किंवा मूल स्वतः समितीपुढे जाऊ शकते. १०९८ या क्रमांकावर फोन करूनही सुरुवात करता येते. मागच्या वर्षांची थकबाकी मिळेल या भरवशावर राहू नये, त्यामुळे सगळे कागद जमेपर्यंत थांबण्यापेक्षा आहेत त्या कागदांनिशी अर्ज नोंदवून उरलेले नंतर जोडणे हिताचे. मदत सुरू झाल्यावर दरवर्षी शाळेचा नवा बोनाफाईड जूनमध्येच काढून कक्षात द्यावा. पत्ता, शाळा किंवा सांभाळणारी व्यक्ती बदलली तर त्याच आठवड्यात लेखी कळवावे, आणि समितीच्या आदेशाच्या साक्षांकित प्रती मूल १८ वर्षांचे झाल्यावरही जपून ठेवाव्यात. शिष्यवृत्ती, वसतिगृह किंवा शुल्कमाफीचा अर्ज करताना वडिलांच्या उत्पन्नाचा रकाना पुन्हा पुढे येतो, तेव्हा घराची खरी स्थिती दाखवणारा तोच कागद जोडता येतो.